कंपनीवर केस झालीय, शेअर ठेवू की विकू?

प्रश्न : रिटायरमेंटच्या पैशातून एका आयटी कंपनीचे ३०० शेअर घेतलेत. गेल्या महिन्यात तिच्यावर अमेरिकेत शेअरहोल्डरांनी सगळ्यांच्या वतीने मिळून एकच, म्हणजे क्लास अॅक्शन केस टाकली, आणि तेव्हापासून मोबाइलवर रोज कुठलीतरी नवी लॉ फर्म 'तुमचं नुकसान झालंय का' असं विचारतेय. शेअर ९० रुपयांनी पडलाय. मुलगा म्हणतो विकून मोकळे व्हा. निकाल लागेपर्यंत थांबू का? आणि मलाही काही भरपाई मिळेल का?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : काका, रोज नवी फर्म दिसते म्हणजे रोज नवी केस झाली असं नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार पहिली केस टाकणाऱ्याला जाहीर नोटीस द्यावी लागते, मग ६० दिवसांत कुणीही 'मुख्य वादी मला करा' म्हणून अर्ज करू शकतो, ज्याचं नुकसान सगळ्यात मोठं त्याला सहसा तो मान मिळतो आणि त्याच्या वकिलाला केस, म्हणजे पुढची फीसुद्धा. म्हणून हे सगळे मोठं गिऱ्हाईक शोधत फिरतात. जाहिराती दहा, मामला एकच. ती नोटिफिकेशन्स बंदच करून टाका.

आता हिशेब. कंपनीचं नाव तुम्ही दिलं नाहीत म्हणून उदाहरणाचे आकडे घेतो. समजा ५० कोटी शेअर आहेत आणि केस ३०० कोटींना मिटली, तर शेअरमागे गेले ६ रुपये. पडलाय ९०. मग उरलेले ८४ कशाचे? ते केसचे नाहीतच, ज्या बातमीमुळे केस झाली तिचे आहेत, म्हणजे हिशेबात घोळ आहे का, मोठा क्लायंट जाणार का, मॅनेजमेंट खोटं बोललं का. केस बहुतेक वेळा भाव पडल्यावर येते. आणि वकिलांनी मागितलेला आकडा बघून घाबरू नका, यातल्या बऱ्याच केसेस फेटाळल्या जातात नाहीतर सेटल होतात, शेवटच्या निकालापर्यंत फारच थोड्या पोचतात, आणि सेटलमेंटचा बराच पैसा अनेकदा डायरेक्टरांसाठी काढलेल्या विम्यातून जातो.

इन्फोसिसचं आठवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये निनावी तक्रारीचं पत्र बाहेर आलं आणि एका दिवसात शेअर १६ टक्के पडला, लगोलग अमेरिकेत केसही झाली. जानेवारी २०२० मध्ये ऑडिट कमिटीने आरोपांत तथ्य नाही असं सांगितलं आणि मे महिन्यात वादीनेच केस मागे घेतली. डॉ. रेड्डीजवरची २०१७ ची केस २०२० मध्ये ९० लाख डॉलरला मिटली, म्हणजे साधारण ६८ कोटी, आणि कंपनीचा त्या वर्षीचा नफा होता दोन हजार कोटींच्या आसपास. तीन वर्षं काळजी करायची ती एवढ्यासाठी!

पण सत्यम या आयटी कंपनीचं वेगळं. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष राजू यांनी स्वतःच पत्र लिहून हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात पाऊणहून जास्त बुडाला. एप्रिलमध्ये कंपनी विकायला बोली लागली तेव्हा शेअरमागे टेक महिंद्राने ५८ रुपये लावले, एल अँड टीने ४५.९०, आणि अमेरिकन गुंतवणूकदार विल्बर रॉसने फक्त २०. कंपनी तीच, पण हिशेब कुणालाच धड माहीत नाहीत आणि अमेरिकेतल्या केसेस केवढ्याला पडतील तेही नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या भीतीएवढी किंमत कापली. २०११ मध्ये क्लास अॅक्शन साडेबारा कोटी डॉलरला मिटली, तरी अॅबर्डीनसारखे फंड त्यातून बाहेर राहून वेगळे भांडले आणि २०१२ मध्ये कंपनीला त्यांना आणखी ६.८ कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे मोठी सेटलमेंट झाली म्हणून लगेच सुटलो असंही समजू नका.

भरपाईचं स्पष्टच सांगतो, आशा ठेवू नका. तुम्ही शेअर एनएसई-बीएसईवर घेतलेत, आणि अमेरिकन सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की तिथला शेअर-फसवणुकीचा कायदा तिथे झालेल्या व्यवहारांपुरता. एडीआरवाल्यांना, म्हणजे कंपनीचे शेअर अमेरिकेच्या बाजारात घेणाऱ्यांना, पैसे मिळतात, आणि विम्यातून न आलेले जातात कंपनीच्या खिशातून, म्हणजे तुमच्याच! चीड आणणारी गोष्ट आहे, पण आहे. आपल्याकडे सत्यमनंतर कंपनी कायद्यात अशाच एकत्र दाव्यासाठी कलम २४५ आलं, २०१६ पासून लागूही आहे, पण त्यासाठी १०० शेअरहोल्डर किंवा सभासदांच्या ५ टक्के, यातलं जे कमी असेल तेवढे लोक जमवावे लागतात, नाहीतर लिस्टेड कंपनीत २ टक्के भांडवल. (बँकांना तर हे कलम लागूच नाही.) ३०० शेअरसाठी या फंदात पडू नका.

आता राहिला तुमचा मूळ प्रश्न. अॅन्युअल रिपोर्टमध्ये 'कंटिंजंट लायबिलिटीज'ची, म्हणजे पुढे कदाचित द्याव्या लागतील अशा पैशांची, नोट काढा. पैसे जाण्याची शक्यता जास्त असेल तर कंपनीला तरतूद करावी लागते, म्हणजे तो खर्च हिशेबात आधीच धरावा लागतो, नुसतीच शक्यता असेल तर केस तिथे लिहिलेली असते. मागच्या वर्षी नुसती लिहिलेली केस यंदा तरतुदीत गेलीय का ते बघा. मग एक्स्चेंजच्या साइटवर जाऊन ऑडिटर किंवा सीएफओने (कंपनीच्या अर्थप्रमुखाने) मधेच राजीनामा दिलाय का तेही बघा. दिला असेल आणि कारण गुळमुळीत असेल, तर मी निकालाची वाट न बघता मुलाचं ऐकीन. तसं काही नसेल आणि तिमाहीत रोख पैसा नीट येत असेल, तर नुसत्या केसपायी मी विकणार नाही, फक्त रिटायरमेंटचा किती हिस्सा या एकाच शेअरमध्ये आहे ते पुढच्या पत्रात कळवा.