रस्त्यालगतच्या ऑफिसला अकूस्टिक काच बसवली तर आवाज खरंच कमी होतो का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कर्वे रस्त्यावर सिग्नलसमोर, पहिल्या मजल्यावर भाड्याचं ऑफिस. पाच बाय चार फुटांच्या तीन स्लायडिंग खिडक्या, ५ एमएमची साधी काच. मीटिंग रूममध्ये फोनवर बोलणं जमत नाही. एक काचवाला म्हणतो, ‘डबल ग्लास लावा, साउंडप्रूफ होईल’. दुसरा अकूस्टिक लॅमिनेटेड काच सुचवतो आणि दर बराच जास्त सांगतो. कुणाचं ऐकावं?

मी पुण्यात खिडक्या आणि दर्शनी काचकामाच्या धंद्यात बावीस वर्षं आहे. अकूस्टिक काच काम करते, यात शंका नाही. पण तुमच्या आत्ताच्या स्लायडिंगमध्ये नुसती काच बदलून ती घातलीत, तर पैसे जवळजवळ सगळे वाया जातील. कारण थोडं आकड्यांत सांगतो, म्हणजे उद्या कुणी काहीही विकायला आलं तरी तुम्हाला स्वतःला ताडून बघता येईल.

तुमची खिडकी साधारण १.८६ चौरस मीटरची आहे आणि तिचा घेर साडेपाच मीटरच्या आत-बाहेर. स्लायडिंगच्या पल्ल्याला ब्रश असतो, रबर दाबून बसत नाही. ट्रॅकपाशी, कोपऱ्यांत आणि दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे फट राहतेच. ती सगळी मिळून सरासरी १ एमएम धरली, तरी होते ५५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पानाएवढं भोक. खिडकीच्या क्षेत्रफळात हे फक्त ०.३ टक्के. पण आवाजाला तेवढं पुरतं: एवढं भोक असेल तर काच कितीही भारी असो, पूर्ण खिडकी साधारण २५ डेसिबलच्या वर अडवू शकत नाही.

आता हिशेब बघा. तुमची ५ एमएम काच स्वतः साधारण ३० डेसिबल अडवते; फटीसकट खिडकी २४ च्या आसपास. तीच काच काढून ३७ डेसिबलची अकूस्टिक काच घातली आणि फट तशीच ठेवली, तर खिडकी जाते २५ वर. एवढ्या खर्चात एक डेसिबल, जो कानाला कळतसुद्धा नाही. उलट जुनीच काच ठेवून फट पूर्ण बंद केली तर २४ वरून ३० वर. आवाज ऐकायला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते, म्हणजे सहा हा चांगला मोठा फरक आहे.

हे मी पुस्तकातून नाही, नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका श्रवणतपासणी केंद्राचं काम घेतलं होतं. कानांची तपासणी करायची खोली, त्यामुळे शांतता हवीच. मी १२.७६ एमएमची अकूस्टिक लॅमिनेटेड काच घातली, चौकटीला जाड सेक्शन वापरला, पण खिडकी स्लायडिंगच ठेवली, कारण त्यांना तीच हवी होती आणि मी ठामपणे नाही म्हटलं नाही. काम झाल्यावर रिक्षांचे हॉर्न तसेच ऐकू येत होते. आठवडाभर शोधल्यावर दोन गोष्टी सापडल्या. एक, ट्रॅक. दुसरी म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर एसीच्या तांब्याच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, जे कुणी बुजवलंच नव्हतं. सगळं माझ्या खर्चाने पुन्हा केलं. त्या दिवसापासून मी काचेबद्दल बोलण्याआधी स्टूल मागतो आणि सीलिंगचं एक पॅनेल उघडून वर बघतो.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक उदबत्ती लावा. पंखा आणि एसी बंद करून ती खिडकीच्या चारी कडांवरून, एसीच्या पाइपपाशी, एक्झॉस्टच्या आणि स्विचबोर्डांच्या भोवती हळूहळू फिरवा. धूर जिथे एकदम वळेल तिथून हवा येते आहे, आणि हवेबरोबर आवाजही. भिंत आणि चौकट यांच्या मधली रेघ विसरू नका. बऱ्याच ठिकाणी तिथे नुसतं पांढरं सिमेंट भरलेलं असतं आणि ते चार-पाच वर्षांत सुटतं.

आता डबल ग्लासकडे येतो. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि मला त्याची खरंच चीड येते, कारण लोक विश्वासाने पैसे देतात. दोन काचांमध्ये १२ एमएम पोकळी असलेली डबल ग्लास, म्हणजे धंद्याच्या भाषेत डीजीयू, ही मुळात उष्णतेसाठी आहे. पश्चिमेच्या उन्हात ती उत्तम. आवाजाला मात्र ती फारशी अडवत नाही. ४ एमएमची एकेरी काच २९ डेसिबलच्या आसपास अडवते, आणि ४-१२-४ ची (४ एमएम काच, १२ एमएम पोकळी, ४ एमएम काच) डीजीयूही जवळजवळ तेवढंच. ट्रॅफिकचा हिशेब लावला तर उलट किंचित मागे पडते. कारण असं, की दोन सारख्या काचा आणि मधली कोंडलेली हवा मिळून स्प्रिंगसारखं वागतात आणि ठरावीक सुराला सगळं एकत्र डोलायला लागतं. ६-१२-६ मध्ये हा सूर २०० हर्ट्झच्या आसपास येतो. बस, ट्रक, डंपर यांची घरघर याच खालच्या पट्टीत असते. मधे आर्गॉन भरून यात काही बदल होत नाही. काचा वेगवेगळ्या जाडीच्या घेतल्या, त्यातली एक लॅमिनेटेड घेतली, तर फरक पडतो.

मग अकूस्टिक लॅमिनेटेड काय वेगळं करते? काचेला वजन हा एक गुण आहे: दर एमएम जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. वजन दुप्पट केलं की पाच-सहा डेसिबल मिळतात. पण प्रत्येक काचेचा एक कच्चा सूरही असतो, जिथे ती आवाज जवळजवळ वाट करून दिल्यासारखा आत सोडते. साधारण १२,००० ला जाडीने भागा: ६ एमएमला २,००० हर्ट्झ, ५ एमएमला २,४००. आणि गाड्यांच्या हॉर्नचा कानात घुसणारा भाग नेमका २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात असतो. तुम्हाला हॉर्न इतके टोचतात त्याचं हे एक कारण. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर असतो. अकूस्टिक प्रकारात त्या थराचा गाभा जास्त मऊ असतो आणि तो काचेचं थरथरणं पिऊन टाकतो. त्यामुळे कच्च्या सुराचा खड्डा भरून निघतो. ८.७६ ची अशी काच ३६-३७ पर्यंत जाते, १२.७६ ची ३९ च्या आसपास. ही आकडेवारी प्रयोगशाळेतली आहे. जागेवर काही डेसिबल कमीच मिळतात.

थोडक्यात, हॉर्नसाठी अकूस्टिक पीव्हीबी, बसच्या घरघरीसाठी वजन आणि मोठी पोकळी. तुम्हाला दोन्हीचा त्रास आहे. शिवाय मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली. डोक्यावर तिचा पूल असल्यामुळे रस्त्याचा काही आवाज वर न जाता पुलाच्या तळाला आपटून इमारतींकडे परत येतो.

तुमच्या जागी मी दुसरी खिडकी बसवेन. जुनी स्लायडिंग बाहेरच्या बाजूला आहे तिथेच राहू द्यायची, आणि भिंतीच्या आतल्या कडेला, मधे १०० एमएम तरी जागा सोडून, उघडणाऱ्या पल्ल्यांची खिडकी लावायची. पोकळी १२ वरून १०० एमएमवर गेली की तो डोलणारा सूर २०० वरून ७० हर्ट्झच्या खाली उतरतो, म्हणजे बसच्या बऱ्याच आवाजाच्याही खाली. नीट बसवलेली अशी जोडी ४५ डेसिबलच्या आसपास जाऊ शकते, जे एकट्या काचेला परवडणाऱ्या जाडीत जमत नाही. मधल्या पोकळीच्या बाजूंना आवाज शोषणारी पट्टी लावली तर आणखी चांगलं. भाड्याची जागा आहे, तर हाही फायदा: इमारतीच्या दर्शनी भागाला हात लागत नाही, आणि जागा सोडताना खिडकी काढून नेता येते.

आतल्या खिडकीला ८.७६ ची अकूस्टिक लॅमिनेटेड पुरे. बाहेरच्या ५ पेक्षा तिची जाडी वेगळी आहे, हे हवंच आहे. एका खिडकीची काच ३८ किलोच्या आसपास होईल, म्हणून दोन पल्ले करा आणि बिजागऱ्या वजनाला साजेशा घ्या, नाहीतर वर्षभरात पल्ला खाली बसतो आणि फट परत उघडते. चारी बाजूंनी ईपीडीएम रबराचं गॅस्केट आणि दोन-तीन ठिकाणी दाबून धरणारं लॉक. चौकट आणि भिंत यांच्या मधे सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच वापरायला सांगा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते लॅमिनेटेडच्या कडेला लागलं तर काही काळाने पीव्हीबीचा थर कडेने सुटून पांढुरका होतो.

कोटेशन मागताना ‘साउंडप्रूफ’ हा शब्द असलेला कागद परत करा. आरडब्ल्यू (एकूण किती डेसिबल आवाज अडतो तो आकडा) किती आणि सीटीआर धरून किती, हे दोन्ही आकडे लिहून मागा. सीटीआर ही शहरी वाहतुकीच्या आवाजासाठीची दुरुस्ती आहे आणि ती उणे असते. ३७ दाखवणारी काच ट्रॅफिकसाठी ३४-३५ ची असू शकते. आणि विचारा, आकडा नुसत्या काचेचा आहे की चौकटीसकट पूर्ण खिडकीचा. या प्रश्नावर चांगला फॅब्रिकेटर खूश होतो.

दोन गोष्टींची आधीच कल्पना असू द्या. बाहेरचा आवाज उतरला की आतले आवाज वर येतात: एसीची घूं घूं, शेजारच्या केबिनमधलं बोलणं. तुमच्या मीटिंग रूमचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच असेल तर ते वर स्लॅबपर्यंत बंद करून घ्या आणि दाराखालची फटही बघा. दुसरं, ताजी हवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खिडक्या घट्ट बंद झाल्या की सहा माणसांची मीटिंग तासाभरात जडावते. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या घरांसाठी १९७५ मध्ये आवाजरोधाचे नियम आले, तेव्हा दुसऱ्या खिडकीसोबत हवा आणणारा पंखाही त्यात धरला होता. तुम्हीही मागच्या, रस्त्यापासून दूरच्या बाजूने, आतून अस्तर लावलेल्या आणि एक-दोन वळणं घेणाऱ्या डक्टमधून हवा आणा. सरळ भोक पाडून पंखा लावलात तर सगळी मेहनत त्याच भोकातून जाईल.

गणपतीच्या दिवसांत ढोलाचा ठोका मात्र आत जाणवेल. ती अगदी खालची पट्टी आहे आणि ती भिंतीतूनही येते. मी कुठल्याही गिऱ्हाईकाला त्याचा शब्द देत नाही.

तिन्ही खिडक्या एकदम करू नका. मीटिंग रूमची एक करा. फोनवरचं आवाज मोजायचं साधं मीटर अचूक नसलं तरी आधी आणि नंतरची तुलना करायला पुरतं. एकाच जागी, एकाच वेळेला, संध्याकाळच्या गर्दीत दहा-दहा मिनिटं मोजा. मग पल्ला बंद करून गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी अडकवा आणि ओढून बघा. सहज निघाली तर रबर दाबत नाहीये. उदबत्ती पुन्हा एकदा फिरवा, आणि हे सगळं नीट झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.