पानांच्या शिरा, जाळ्या, सावल्या यांवरून घरच्या घरी देवनागरी फॉन्ट कसा करावा?

सुटी अक्षरं देखणी उतरतात, पण टाइप केल्यावर शब्द विस्कटतो, असं तुम्ही लिहिलंय. मूळ बहुधा सुरुवातीलाच आहे. प्रत्येक अक्षरावर पान चिकटवलं की पानांची रांग दिसते, शब्द दिसत नाही. चित्रातून आकार नको, नियम उचला. डच रचनाकार विम क्राऊवेल यांनी १९६७ साली कॅथोड-रे पडद्यासाठी ‘न्यू अल्फाबेट’ हा फॉन्ट केला, त्यात आडव्या-उभ्या रेघा आणि ४५ अंशांचे कोपरे एवढंच होतं. शिरांचा नियम असा होऊ शकेल: रेघ बुडाशी ९० युनिट (फॉन्टच्या उंचीचे १००० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे युनिट), टोकाशी ४०; फाटा ४५ अंशांतच फुटेल; टोक गोल नसेल. असे दोन-तीन नियम कागदावर लिहून समोर ठेवा. चौथा लागला तर बहुधा पहिल्या तिघांतला एखादा चुकलेला असतो.

आधी काना (अक्षराची उभी रेघ) आणि शिरोरेघ काढा, कारण बहुतेक अक्षरांत हेच दोन भाग परत परत येतात. मग फक्त क, म, ळ, ट, र, अ आणि उकार. एवढ्यात ‘कमळ’, ‘मुकुट’, ‘अकरा’ लिहून होतात. हे तीन शब्द एका हातचे वाटेपर्यंत पुढे जाऊ नका. ते जमले की क वरून व-ब आणि ट वरून ठ-ढ पटकन निघतात.

अक्षर काळ्या शाईने पाचेक सेंटिमीटर उंच काढा, ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करा, म्हणजे चित्राची बाह्यरेषा काढून घ्या. ट्रेस केलेल्या अक्षरात शेकडो नोड (बाह्यरेषेवरचे बिंदू) येतात; साध्या अक्षराला वीस ते चाळीस पुरतात. वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या बिंदूवर नोड हवाच. जाळीसारखा पोत ठेवायचा असेल तर हिशोब करा: १००० युनिटांचा फॉन्ट २४ पिक्सेलला लावला की एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४२ युनिट. त्याहून बारीक खाचा तिथे नुसता मळ दिसतात.

फॉन्ट बनवण्याच्या फॉन्टफोर्ज या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर खरी परीक्षा शिरोरेघेची. ती अक्षराच्या रुंदीबाहेर दोन्ही बाजूंना दहा-पंधरा युनिट जाऊ द्या. रेघा नुसत्या टेकल्या तर पडद्यावर सांध्यात केसाएवढी फट दिसते. रेघ लाटेसारखी हवी असेल तर खुशाल करा, पण प्रत्येक अक्षराच्या दोन्ही टोकांना तिची उंची आणि जाडी तीच ठेवा. मुद्दाम तोडायची असेल तर फट सगळीकडे सारखी आणि शब्दांमधल्या जागेपेक्षा बरीच कमी हवी. गाठीतली पोकळी काळी भरली तर बाह्यरेषेची दिशा उलटी झालेली असते. फॉन्टफोर्जच्या ‘करेक्ट डायरेक्शन’ या आज्ञेने सुटते.

पहिल्या वेलांटीच्या दोन-तीन रुंद्या लागतात, नाहीतर ‘रि’वर बसणारी कमान ‘मि’वर तोकडी पडते. ती व्यंजनाआधी नेण्याचं काम मजकूर मांडणारं सॉफ्टवेअर करतं, तुम्ही करू नका. उकार, मात्रा, अनुस्वार शून्य रुंदीचे ठेवून अँकरने (अक्षरावर जोडणीची जागा दाखवणाऱ्या खुणेने) बसवा. ‘रु’ आणि ‘रू’ मात्र वेगळे काढा.

काना असलेल्या अक्षरांची अर्धी रूपं काना कापून निघतात; ट, ठ, ड, ढ, द यांना खाली जोडणी किंवा हलन्त लागतो. क्ष, ज्ञ, त्र, श्र स्वतंत्र काढा. मराठीसाठी ॲ, ऑ आणि मराठी वळणाचे ल, श विसरू नका. बदलांचे लुकअप (कुठल्या अक्षरांऐवजी कुठलं रूप दाखवायचं याचे नियम) देवनागरीच्या नव्या ‘डीईव्ही२’ टॅगखाली, म्हणजे लिपी ओळखवणाऱ्या खुणेखाली, नोंदवा. ते लॅटिनखालीच राहिले तर अर्धी अक्षरं आणि रफार उमटतच नाहीत. शेवटी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी टाइप करा: पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा र वेगळा दिसला पाहिजे.