रातांब्याला फळ का धरत नाही?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या परसात बियांपासून वाढलेली रातांब्याची दोन झाडे आहेत. दोन्ही फुलतात, पण फळ एकालाच धरते. दुसऱ्याला खत कमी पडते का?

उत्तर : खताचा दोष नाही. रातांब्यात नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात, आणि बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघत असली तरी फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. थंडीत फूल उघडून पाहावे : नर फुलात पुंकेसरांचा दाट गुच्छ, तर मादी फुलात मधोमध गोलसर अंडाशय दिसतो. नर झाड तोडण्याची घाई मात्र करू नये. परागासाठी ते जवळ असलेले बरे. नव्या लागवडीस दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीची कलमे घ्यावीत.