संकटात गोड कशाला?

शिरा बाळा,

रात्रपाळीला बंदरावर आहे. क्रेन बंद पडलीय, तेवढ्यात हे लिहून घेतो. तुला देवनागरी वाचता येत नाही, हा दोष माझा. आजीकडून वाचून घे, पण आधी तिला चष्मा लावायला सांग, नाहीतर ती मनचं घालून वाचेल.

युद्ध थांबून इथे इस्रायलमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तुमच्या मोराने, म्हणजे बाईंनी, वर्गात विचारलं, संकट आलं की तुमच्या घरी काय करतात? कुणी सांगितलं तेहिलिम, म्हणजे स्तोत्रं, वाचतात, कुणी म्हणालं आजोबा बुद्धिबळ मांडून बसतात. तू सांगितलंस, आमच्याकडे मलिदा करतात. मलिदा म्हणजे काय, तर पोहे, खोबरं, साखर. सगळे हसले. घरी आल्यावर दप्तर सोफ्यावर टाकून तू मला विचारलंस, "बाबा, सायरन वाजत असताना गोड कोण करून खातं? हे मराठी लोकांचंच असलं का?"

असलं मराठीच आहे, पण तू वर्गात अर्धंच सांगितलंस. संकटात मलिदा करत नाहीत गं, संकटात नवस बोलतात. संकट सरलं की एलियाहू हनाबी, म्हणजे आपला प्रेषित एलिया, त्याच्या नावाने मलिदा करून तो फेडतात.

आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. ही रीत आपण तिकडूनच आणली. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं सगळे सांगतात. पोथ्या बुडाल्या, 'शेमा' ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. मग ते गावोगाव घाणे चालवू लागले. शनिवार आपला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनिवार तेली. शेजारीपाजारी सगळे नवस बोलणारे. त्यांनी नारळ देवीपुढे फोडला, आपण तो खोवून पोह्यांत घातला. अलिबागजवळच्या खंडाळा गावात खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे, तिथे आजी लहानपणी बैलगाडीतून गेली होती. बैलांची नावंसुद्धा तिला आठवतात, मुद्दाम विचार.

आता माझ्या शाळेचं. माझगावला सर एली कदूरी शाळा आहे, तिथे मी शिकलो. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्रायल मुलांसाठी ती सुरू केली. तोवर आपली बरीच मुलं मिशनऱ्यांच्या शाळांत जायची, हिब्रूसुद्धा तिथेच शिकायची. केहिमकरांना वाटलं, आपली मुलं आपल्या शाळेत शिकावीत. कदूरींचं नाव पुढे त्यांच्या देणगीमुळे लागलं. माझ्या वेळेपर्यंत आपले बरेच लोक इकडे निघून आले होते. ज्यू शाळा, पण वर्गात ज्यू आम्ही बोटांवर मोजण्याइतके. बाकी मुसलमान, हिंदू, थोडे ख्रिश्चन.

1993 च्या जानेवारीत मी सहावीत होतो. मुंबईत दंगल पेटली होती. संचारबंदी, शाळा बंद. आम्हाला गॅलरीतही जाऊ देत नसत, रात्री लांबून धूर दिसायचा. एका संध्याकाळी आजी खिडकीशी उभी राहून पुटपुटली, "एलियाहू हनाबी, शाळा उघडू दे आणि पोराच्या वर्गातलं एकही नाव गळू नको दे. शाळेत मलिदा वाटीन."

शाळा उघडली. एरवी बाईंची हजेरी दोन मिनिटांत व्हायची, त्या दिवशी अख्खा तास गेला. नाव घ्यायच्या आणि "हजर" ऐकल्यावर मान वर करून तोंड बघायच्या. कुणी बोललं नाही की विचारायच्या, "याला कुणी पाहिलंय का?" दोन नावांना उत्तर आलं नाही. आजी रोज संध्याकाळी मला तेच विचारायची. आठवड्याने कळलं, दोघे आपापल्या गावी गेलेत, एक सोलापूरकडे, एक थेट उत्तर प्रदेशात. सुखरूप आहेत, पण परत येणार नाहीत. आता नवस लागला की नाही? आजीने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "नाव हजेरीतून गेलं, जगातून नाही. फेडायला हवा."

ती परात मला अजून दिसते. धुऊन निथळलेले पोहे, त्यावर ओलं खोबरं, साखर, वेलची, कडेने पाच फळं आणि सब्ज्याची पानं. आजी विळीवर, शेजारच्या जुलेखाचाची फळं चिरायला. घरी बेराखा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना, म्हटल्या आणि मलिदा स्टीलच्या डब्यांत भरून शाळेत नेला. बाईंनी हजेरीच्याच क्रमाने वाटला. त्या दोन नावांपाशी थांबल्या आणि त्यांचा वाटा शिपाईकाकांना दिला.

या वेळी इराणशी युद्धाच्या त्या बारा दिवसांत आपण मिक्लातमध्ये, म्हणजे बॉम्बपासून वाचायच्या आसऱ्यात, होतो, तू माझ्या मांडीवर झोपली होतीस आणि आजी काहीतरी पुटपुटत होती. काय ते मी विचारलं नाही, ऐकू आलं. तुझा अख्खा वर्ग बाकांवर बसला, तर शाळेत मलिदा.

आज गुरुवार. सुट्टी लागायला शुक्रवार, रविवार, सोमवार एवढेच दिवस उरलेत. तुझ्या बाकावरचा मुलगा अजून तिकडे दक्षिणेला एलात शहरात मावशीकडे आहे ना? त्याच्या आईला मी फोन केला, ते शनिवारी रात्री निघतायत. म्हणजे मलिदा रविवारी.

पोहे घरात आहेत. ओला नारळ शुक्रवारी दुपारी दुकान बंद व्हायच्या आत आणतो. सुपरमार्केटमधला कोरडा कोकोस आजी घरात घेणार नाही. खोवायला मी बसतो, तू वेलची सोल. बदाम-पिस्ते घालायचे नाहीत, तुमच्या वर्गात एकाला चालत नाहीत. आजी कुरकुर करेल, करू दे.

आणि उद्या मोराला विचारून ये, हजेरीची यादी मिळेल का म्हणून.

तुझा,
बाबा