आधी म्हणणं ऐका

बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

कायद्याच्या पहिल्याच वर्षात तू मोठा प्रश्न विचारलास. हक्क जर घटनेनं दिले असतील, तर उद्या ते कलमच काढून टाकल्यावर माणसाकडे काय उरतं? त्याच्या पाठोपाठ सीमाभागात वाढलेल्या कुणाच्याही पोटातला प्रश्न आलाच: ज्या कारभाराची भाषा आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना कळत नाही, त्या कारभाराच्या कायद्याला आपला कायदा का म्हणायचं?

पहिल्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयानं दोन काळांत दोन उलट उत्तरं दिली. आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 रोजी, पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं की बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही या काळात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात गेले आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं. 24 ऑगस्ट 2017 च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो जुना निर्णय रद्दबातल ठरवला. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क माणसाचा उपजतच आहे, घटना त्याला फक्त मान्यता देते, अशी भूमिका तिथं घेतली गेली. मला हे मनापासून पटतं. तू खन्नांचं मतपत्र मूळ इंग्रजीतून वाच, गाइडमधला सारांश वाचून थांबू नकोस.

पण हक्क उपजत आहे म्हणून तो हातात पडत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं 1923 मध्ये मंजूर केला. सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या, असा तो ठराव. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे इथल्या गावांतल्या पाणवठ्यांनाही तो लागू होता. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला अस्पृश्यांपैकी कुणी हात लावू शकलं नव्हतं. त्यानंतर विरोधक कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला मार्च 1937 उजाडला. तहान तर ठरावाच्या आधीपासूनच होती. ठरावानं तिला कागद दिला, माणसांनी त्या कागदाला पाय दिले आणि कोर्टानं दहा वर्षांनी त्यावर शिक्का मारला. या तिन्हींतलं एकही गळलं असतं तर ते पाणी आपलं झालं नसतं. कायद्याला कमी लेखणाऱ्या आणि निव्वळ कायद्यावर विसंबणाऱ्या, दोघांनाही मी महाडचा हा क्रम नीट बघायला सांगते.

आता भाषेबद्दल. नैसर्गिक न्यायाचं पहिलं तत्त्व तुला शिकवलंच असेल: समोरच्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय करायचा नाही. पण ज्याला आपल्यावरचा आरोपच कळला नाही, तो म्हणणं मांडणार कसं? 1962 चा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल काढून वाच. नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्ध केलं, कारणं इंग्रजीत दिली. त्यानं हिंदीत मागितली. सरकारनं उत्तर दिलं की इंग्रजी ही राजभाषा आहे आणि पोलीस अधिकाऱ्यानं तोंडी समजावून सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. माणसाला समजेल अशा भाषेत कारणं मिळाली नाहीत, तर ती मिळालीच नाहीत असं धरून त्याची सुटका केली.

खानापूरच्या एखाद्या आजोबांच्या हातात कन्नड नोटीस पडते आणि ते ती घेऊन गल्लीभर वाचणारा शोधत फिरतात, तेव्हा मला हा निकाल आठवतो. मराठीतून परिपत्रकं द्या, ही आपली मागणी अनेकांना नुसती अस्मितेची वाटते. माझ्या लेखी ती ऐकलं जाण्याच्या हक्काची मागणी आहे. आणि तिला घटनेत आधारही आहे. ज्या 1956 मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं 350-क आणि 350-ख ही कलमं आली: एक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याबद्दल, दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याबद्दल. त्याच्या आधीपासूनचं कलम 350 तर सांगतं की तक्रारीचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणून कुणी टेबलामागून म्हणालं की मराठी अर्ज चालत नाही, तर आवाज चढवू नकोस. कलमाचा आकडा अर्जावर लिही, अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

आणि कन्नड शीक. अगदी दस्त वाचता येईल इतकी शीक. तालुक्याच्या कोर्टात कन्नड आणि उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठासमोर इंग्रजी लागणारच आहे. ज्यांच्यासाठी तू वकील होणार, त्यांच्या वतीनं ऐकायचं असेल तर तिन्ही भाषा तुझ्या हव्यात.

सीमावादाचा दावा महाराष्ट्रानं 2004 मध्ये राज्याराज्यांतल्या वादांसाठी असलेल्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. तो राग मला कळतो, माझ्याही घरात तो आहे. पण राग आणि हक्क एकच आहेत असं मानू नकोस. हक्काची एक परीक्षा मी तरुणांना नेहमी देते: जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड मुलाला त्याच्या भाषेत शाळा मिळावी म्हणून तू तितक्याच कळकळीनं उभा राहशील का? उत्तर हो असेल तर तू बेळगावात मराठीसाठी मागतोयस ते न्यायाचं आहे. उत्तर अडखळत असेल तर आधी त्यावर विचार कर.

यापुढचं लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण ते तुझ्या घरातलं आहे. पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस, की आजोबांच्या जमिनीची वाटणी चालू आहे आणि आत्या हक्कसोड करून द्यायला पुढच्या आठवड्यात येणार आहेत. मला तुझ्या साऱ्या पत्रात हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

इतकी वर्षं मी सब-रजिस्ट्रार कार्यालयाच्या बाहेर अशा बहिणी पाहत आले. बाँड रायटर, म्हणजे दस्त लिहून देणारा, कन्नडमध्ये मजकूर तयार करतो, भाऊ म्हणतो सही कर, आणि ती करते. तिला मजकूर वाचता येत नाही. वाटा मागितला तर माहेर तुटेल ही भीती तिला पुरेपूर वाचता येते. राज्यानं आपल्याशी असं वागलं तर आपण मोर्चा काढतो. घरात तेच झालं तर त्याला आपण रीत म्हणतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

कायदा इथं बराच स्पष्ट आहे. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार लेकीचा वाटा भावाइतकाच. वडिलोपार्जित असेल तर कर्नाटकानं 1994 पासूनच अविवाहित मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारखंच जन्मतः वाटेकरी, केलं होतं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्याच मुलींना तो हक्क जन्मतः दिला आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानं वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात असण्याची अटही काढून टाकली. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना धक्का लागत नाही, तेवढं तपासावं लागेल.

आत्या आपला वाटा सोडू शकतात, तोही त्यांचाच अधिकार. भावावरच्या मायेनं, सगळं समजून सोडला तर मी त्यांना अडवणार नाही. पण आधी त्यांना कुणीतरी मराठीत सांगायला हवं की तुमचा वाटा किती, आजचा बाजारभाव काय, आणि सही केल्यावर परत काय मिळणार नाही. ते सांगणारा माणूस तू हो. वडील रागावतील, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ती जमीन राबून राखली असेल, कर्जं फेडली असतील. तीही बाजू खरी आहे आणि ती आत्यांसमोर बोलली गेली पाहिजे.

आत्यांना स्वतंत्र वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला ही मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. अर्ज मराठीतच लिही.

सहीच्या आधी एक दिवस वडील आणि आत्या दोघांना घेऊन माझ्याकडे ये. येताना जमिनीचा उतारा, वारसा नोंदीचा कागद आणि दस्ताचा मसुदा एवढं आण. मसुदा कन्नडमध्ये असेल, तो मी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवीन.

तुझी
वकीलकाकू