गीतमालातलं पहिलं गाणं खरंच पहिलं होतं का?

प्रश्न : काकाजी, आमच्या आबाजींचं म्हणणं हाय का रेडिओवरच्या बिनाका गीतमालात ज्याचा पहिला नंबर लागे तेच त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं गाणं, इषय संपला. मी म्हटलं, आबाजी, आपल्या गावात तेव्हा रेडिओच दोन, आपल्याले कोणी इचारलं होतं? तर बुढे चिडले ना. पैज लागली हाय, खरं काय ते सांगा.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आबाजींना आधी नमस्कार सांगा. बाकी पैज अर्धी तुमची अर्धी त्यांची, कारण गीतमाला काही नुसती हवेतून नंबर काढत नव्हती. १९५२ ला श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर सुरू झाली, अमीन सयानी बोलायचे, बुधवारी रात्री आठला लोक कामं टाकून बसत. आपल्या आकाशवाणीनं त्याच सुमारास सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच केलेली, विविधभारती यायला १९५७ उजाडलं, म्हणून सगळे सिलोनकडे वळले.

आता मोजायचे कसे? लोकांची पत्रं, फर्माइशी. पण पत्राची गंमत अशी की एकच हौशी माणूस पन्नास कार्डं टाकू शकतो, आणि झुमरीतलैयासारखं छोटंसं गाव नुसत्या फर्माइशींनी देशभर माहीत होतं, म्हणजे बघा. म्हणून मग शहरातल्या दुकानांतून रेकॉर्डी किती खपल्या ते विचारू लागले. त्यातही घोळ, गाणं इतकं चाललं की दुकानातला माल संपला तर त्या आठवड्याचा खप शून्य! मग रेडिओ क्लबांची, म्हणजे श्रोता संघांची मतंही धरायला लागले. माझ्या मते त्या काळात याहून बरं काही जमलंही नसतं.

पण खेड्याचं काय? आपल्याकडे रेकॉर्ड कोण विकत घेणार हो, घ्यायचा तो भोंगेवाला. तो यवतमाळहून एक तबकडी आणायचा आणि अख्ख्या लगनसराईत दहा गावांत तीच घासायचा, हजारो कानांवर गाणं जायचं अन् दुकानाच्या वहीत खप किती, तर एक. वर तबकडीला दोन बाजू, पुढच्या गाण्यासाठी घेतली की मागच्या, हे वहीला काय कळणार. आणि गीतमाला हिंदी सिनेमापुरती. १४ एप्रिलला गावोगाव वाजणारी भीमगीतं, नंतर दीक्षाभूमीवर ढिगानं विकल्या गेलेल्या कॅसेटी, त्यांना गीतमालाच्या कोणत्याच पायदानावर, म्हणजे नंबरावर, जागा नव्हती. कॅसेटच्या जमान्यात तर डुप्लिकेटच इतक्या निघाल्या की खरा खप देवालाही सांगता आला नसता.

अमेरिकेतही असंच, बरं का. तिथलं बिलबोर्ड, म्हणजे गाण्यांच्या याद्या छापणारं साप्ताहिक, दुकानदारांना फोन करून विचारायचं आणि दुकानदार अंदाजानं, आवडीनिवडीनं सांगायचा. १९९१ च्या मे महिन्यात अल्बमच्या यादीसाठी बारकोडवरून खरा खप मोजायला लागले तर कंट्री अन् रॅपवाले एकदम वर आले. ऐकणारे आधीपासूनच होते, फक्त त्यांची विचारपूस नव्हती.

तेव्हा शहरातल्या आवडीचा अंदाज म्हणून आबाजी बरोबर, दारव्ह्याच्या आवडीसाठी तुम्ही. एक विचारून बघा, आबाजींनी स्वतः कधी सयानींना कार्ड टाकलं होतं का, आणि टाकलं असेल तर किती.