जीटी४०ची प्रतिकृती घेताय? आधी हे बघा

बुकिंगआधी गाडीत एकदा बसून बघा. मूळ फोर्ड जीटी४० ही साठच्या दशकातली रेसिंग कार; तिची उंची जेमतेम ४० इंच, नाव त्यावरूनच पडलं. उंच्यापुऱ्या रेसिंग ड्रायव्हर डॅन गर्नींसाठी छताला फुगवटा काढावा लागला होता; तुम्ही सहा फुटांच्या वर असाल तर तो ‘गर्नी बबल’ मागूनच घ्या.

चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं म्हणाल तर सुपरफॉर्मन्स या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीची गाडी मूळ गाडीसारखी स्टीलच्या पत्र्याची मोनोकॉक (पत्र्याचं कवचच भार पेलतं अशी) असते, सुट्या भागांच्या स्वस्त किटांत बहुधा नळ्यांचा सांगाडा. तोही वाईट नाही, फक्त वेल्डिंग वाकून तपासा.

खरी गोची गिअरबॉक्सची. मूळचा झेडएफ कंपनीचा बॉक्स महाग, म्हणून काहीजण पोर्शे ९११ गाडीचा जी५० गिअरबॉक्स बसवतात. ९११मध्ये इंजिन गिअरबॉक्सच्या मागे असतं, जीटी४०मध्ये गिअरबॉक्सच्या पुढे. तसाच जोडलात तर पाच रिव्हर्स आणि एकच फॉरवर्ड गिअर हाती येईल! ते टाळायला क्राउन व्हील (चाकांकडे ताकद वळवणारं मोठं दातेरी चक्र) दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं, नाहीतर अख्खा बॉक्स वरची बाजू खाली करून उलटा बसवावा लागतो. उलट्या बॉक्समध्ये ऑइलची वाटही बदलावी लागते. हे काम कोणी आणि कसं केलं, ते लेखी घ्या.

रेडिएटर गाडीच्या पुढच्या टोकाला, इंजिन ड्रायव्हरच्या मागे, त्यामुळे पाण्याच्या लांब पाइपांत हवा अडकून इंजिन तापतं. रेडिएटरच्या माथ्यावर हवा काढायचा स्क्रू दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.